दोन खोल्या, ऐसपैस

घरं विकणाऱ्या मंडळींत त्याला सगळे ऐसपैस म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव बँकेच्या पासबुकात होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. ऐसपैस हा शब्द जाहिरातीतला. घर विकायला निघालं की त्याच्या फोटोंखाली ‘ऐसपैस, हवेशीर, भरपूर उजेड’ असं लिहायचं, हा त्या धंद्याचा रिवाजच आहे; मग त्या घरात पाय पसरले की समोरच्या भिंतीला लागत असले तरी चालतं. लिहिणारे लिहून मोकळे होत. ते खरं वाटेल असा फोटो काढायची जबाबदारी ह्याची. स्वतः माणूस अंगाने काडी, वागायला भिडस्त, जिन्यात कुणी समोरून आलं तर आपणच भिंतीला चिकटून वाट देणारा. आणि नाव ऐसपैस! नावं ठेवणाऱ्यांना काय, त्यांची तेवढीच करमणूक.

काम मात्र चोख. घरात शिरला की आधी घरातल्या माणसांना गोडीगुलाबीने बाहेर काढायचा. “पंधरा मिनिटं जरा जिन्यात बसता का?” मग चपला, बादल्या, टॉवेल, औषधांच्या बाटल्या, इस्त्रीचं टेबल, जे जे म्हणून माणसं राहत असल्याची चुगली करील ते सगळं उचलून दुसऱ्या खोलीत कोंबायचं. ही खोली झाली की तोच पसारा उलट्या दिशेने परत. त्याच्या पिशवीत एक पांढरीशुभ्र चादर, उशांचे दोन अभ्रे आणि एक प्लॅस्टिकचं रोप कायम असे. नऊ वर्षांत त्या चादरीने जितक्या घरचे पलंग पाहिले, तितके गावातल्या डॉक्टरांनीही पाहिले नसतील. मग दाराच्या कोपऱ्यात पाठ टेकवून, कॅमेरा कमरेइतका खाली धरून, तो रुंद भिंगातून खोली टिपायचा. रुंद भिंगाची गंमत अशी, की समोरची भिंत लांब जाते आणि बाजूच्या दोघी रुसल्यासारख्या एकमेकींपासून दूर सरकतात. दहा फुटांची खोली सोळा फुटांची दिसते. त्यात खोटं असं काही नाही म्हणा. भिंत तीच, खिडकी तीच. फक्त घर बघायला येणारा माणूस दारातच थबकतो आणि “फोटोत जरा मोठं वाटलं होतं” असं पुटपुटतो. ते पुटपुटणं ऐकायला ऐसपैस तिथे कधीच नसायचा.

त्याबद्दल त्याला बोलणारं माणूस घरातच होतं. वडील. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस, समोरच्याकडे नुसतं बघून छातीचं माप सांगणारा. मुलाचा हा उद्योग त्यांना पहिल्यापासून मान्य नव्हता.

“अडतीसच्या माणसाला मी बेचाळीसचा कोट शिवून देऊ का रे?” ते विचारत.

“बाबा, कोट अंगात घालायचा असतो. फोटो नुसता बघायचा असतो.”

“आणि घर?” म्हातारा विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता खुदकन हसायचा. संध्याकाळी मुलाची पावलं वाजली की ठरलेला प्रश्न यायचा, “काय, आज कुणाचं घर उसवून मोठं केलंस?” आई जाऊन बारा वर्षं झाली होती, ह्याचं लग्न ठरून मोडलं होतं ते मोडलंच होतं, तेव्हा ह्या दोघांच्या घरातला सगळा विनोद ह्या एका प्रश्नावर चालायचा.

वडिलांना काचबिंदू झाला होता. त्या आजारात आधी कडेचं दिसेनासं होतं आणि समोरचं तेवढं उरतं. इकडे मुलाचं भिंग रुंद होत होतं आणि तिकडे बापाची नजर दोन्ही बाजूंनी आत घेतलेल्या सदऱ्यासारखी अरुंद होत चालली होती. सहा वर्षांपूर्वी ती पुरतीच गेली. डॉक्टरांनी हात टेकले, मुलगा चार दिवस कामावर गेला नाही, आणि पाचव्या दिवशी म्हाताऱ्याने बटणांचा डबा मागितला.

शिंप्याच्या घरात दुसरं काही नसलं तरी बटणं असतात. त्यांनी मुलाकडून गोंद आणवला आणि सगळ्या भिंतींवर आपल्या हाताच्या उंचीला बटणं चिकटवली. बाथरूमच्या आधी एक. स्वयंपाकघराच्या दाराशी दोन. शेगडीच्या अलीकडे तीन, म्हणजे आता जपून. बाहेरच्या दाराजवळ कोटाचं मोठं बटण. पलंगापासून खिडकीतल्या शिवणयंत्रापर्यंत सहा पावलं, यंत्रापासून शेगडीपर्यंत नऊ. महिन्याभरात म्हातारा भिंतीवर दोन बोटं ठेवून घरभर असा फिरू लागला, की नव्या माणसाला कळूही नये. चहा स्वतःचा स्वतः करायचा. सरळ शिवण असेल तर यंत्रावर अजूनही घालायचा. ऐसपैसच्या पिशवीतले ते दोन अभ्रे त्यांनीच शिवलेले. सहा वर्षांत ‘जरा हात दे रे’ अशी हाक त्यांनी एकदाही मारली नव्हती. घराबाहेर ते आंधळे होते. त्या दोन खोल्यांत नव्हते. एवढं एकच सुख त्या घरात होतं, आणि घर भाड्याचं होतं.

आता यादीचं सांगतो. ऐसपैसचं बहुतेक काम एका एजंट बाईंकडून यायचं. त्यांना सगळे मॅडम म्हणत. बोलायला फटकळ, पण पोटात काही ठेवायच्या नाहीत. दर सोमवारी त्या आठवड्याच्या पत्त्यांची यादी पाठवायच्या. त्या सोमवारच्या यादीत चार पत्ते होते. तिसरा वाचून त्याला वाटलं, टाइप करणाऱ्याने काहीतरी घोळ घातला. इमारत त्याची, मजला त्याचा, दाराचा नंबरही त्याचाच.

त्याने फोन लावला. “मॅडम, तो तिसरा पत्ता...”

“हो, मालक शनिवारी येऊन गेले. दोन खोल्या आहेत. भाडेकरू आहे आत, पण निघेल म्हणाले. का हो?”

“तो भाडेकरू मी आहे.”

मॅडम म्हणाल्या, “अरे बापरे.” आणि मग, सवयच ती, “एका अर्थी बरंच झालं की. किल्लीसाठी वणवण नाही. उद्याच उरकून टाका.”

त्या वाईट अर्थाने बोलल्या नव्हत्या. पण फोन ठेवला तसा तो तडक मालकांकडे गेला. वाटेत भांडायची वाक्यं जुळवली होती. तेवीस वर्षं राहतोय, एक दिवस भाडं चुकवलं नाही, आधी सांगायची रीत असते, वगैरे. मालकांनी दार उघडलं, ह्याचा हात धरून आत बसवलं आणि म्हणाले, “दोन महिने झाले, तुला सांगायचं म्हणतोय, तोंडच होत नाही रे.” बायकोचं दुखणं वाढलं होतं, दोघांनी मुलाच्या गावी जाऊन राहायचं ठरलं होतं, इथलं सगळं विकून. बोलता बोलता त्यांचेच डोळे भरून आले. शेवटी ह्यालाच त्यांची समजूत घालावी लागली! मालक दुष्ट निघाले असते तर किती बरं झालं असतं. निदान जुळवलेली वाक्यं तरी बाहेर पडली असती. ‘तूच विकत घे’ असं ते म्हणाले नाहीत आणि ह्यानेही तो विषय काढला नाही; ती गोष्ट आवाक्यातली नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर वडिलांनी ठरलेला प्रश्न विचारला. तो म्हणाला, “आज काम नव्हतं.” खरं सांगायला त्याची जीभच रेटेना. आज सांगू, उद्या सांगू.

त्या रात्रीच्या झोपेचं खोबरं झालं, पण सकाळी उठला तेव्हा त्याच्याकडे एक बेत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो काम बिघडवणार होता. फोटो वाईट असतील तर घर बघायला माणूस फिरकत नाही, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं सत्य. मॅडमच्या यादीत अशी घरं होती, सहासहा महिने पडून राहिलेली, केवळ कुणीतरी मोबाइलवर घाईत फोटो काढले म्हणून. सहा महिने मिळाले तर काय करायचं, हे त्यालाही माहीत नव्हतं. पण बुडणाऱ्या माणसाने पुढच्या आठवड्याचा विचार करावा, अशी अपेक्षा कुणी करू नये.

“आज घरीच?” वडिलांनी यंत्रावरून विचारलं.

“कॅमेरा तपासतोय. तुम्ही चालू द्या तुमचं.”

सांगायला सोपं, पण वाईट फोटो काढणं त्याच्या जिवावर आलं. हात आपोआप बादली उचलायला जायचे. ते त्याने खिशात घातले. पडदा अर्धा ओढला, ट्यूबलाइट लावली, रुंद भिंग काढून साधं लावलं, ताठ उभा राहिला आणि समोरून फ्लॅश मारला. दोरीवरचे वाळत घातलेले कपडे आले. शेगडीवरचं चहाचं भांडं आलं, गाळण्यासकट. कोपऱ्यातली ओल आली. भिंतीवरची बटणांची रांग आली. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे खिडकीत यंत्रावर वाकलेले वडील आले. विकायच्या घराच्या फोटोत माणूस येऊ देणं म्हणजे त्या धंद्यात पाप. फोटो बघून त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच लाजेतून थोडा धीरही आला. असले फोटो बघून कुत्रंही फिरकायचं नाही, असं मनाशी म्हणून त्याने ते पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. “हे काय पाठवलंत? बरं नाही का तुम्हाला?”

“भिंग दुरुस्तीला गेलंय, मॅडम.”

“मग आल्यावर परत काढा. ऑफिसातल्या मुलीने हे वेबसाइटवर चढवूनही टाकले तोपर्यंत. लोक हसतील आपल्याला.”

लोक हसले नाहीत. तीन दिवसांनी मॅडमचा पुन्हा फोन आला तेव्हा त्यांचा आवाजच बदलला होता. “काय डोकं चालवलंत हो! सकाळपासून फोन ठेवायला मिळत नाहीये. बाकीची सगळी घरं कशी एकाच आईच्या पोटची दिसतात. तीच पांढरी चादर, तेच रोप. त्यात हे एकदम उठून दिसतंय. लोक विचारतात, ते आजोबा कोण, ती बटणं कसली. यापुढे सगळे असेच काढा बरं का. जसं आहे तसं.”

त्याच्या तोंडून ‘हो’ निघालं. ‘हो’ निघायला त्याच्या तोंडाला कधीच वेळ लागत नसे. पण फोन ठेवल्यावर तो कट्ट्यावर बसून राहिला. नऊ वर्षं खपून त्याने गावातली सगळी घरं एकसारखी ऐसपैस करून ठेवली होती, आणि त्यांच्यामध्ये एकच घर खरं दिसत होतं. ते नेमकं त्याचं.

रविवारी सकाळी एक जोडपं बघायला येणार होतं. आता तरी वडिलांना सांगणं भाग होतं. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते असं, “बाबा, उद्या दोघं जण येतील. माझं काम आवडलंय त्यांना. घरातले फोटो कसे काढले ते बघायचंय.”

म्हातारा असा खुलला म्हणता! मुलाचं काम आवडून कुणी घरी येतंय, हे त्या घराने पहिल्यांदाच ऐकलं होतं. सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि दारातल्या मोठ्या बटणाशी हात ठेवून उभेच राहिले.

जोडप्यातला नवरा अबोल होता. बाई शाळेत शिकवणाऱ्या, नीटनेटक्या, पर्समध्ये मोजायची टेप घेऊन फिरणाऱ्या. बटणं बघताच त्या म्हणाल्या, “हीच ती! आणि फोटोतले आजोबा तुम्हीच ना? अहो, कसली आहेत ही बटणं?” एवढं पुरलं. वडिलांनी त्यांना सगळं घर दाखवलं. कुठे एक बटण, कुठे दोन, तीन लागली की जपून. “पलंगापासून खिडकी सहा पावलं. ही भिंत साडेबारा फूट आणि वर दोन इंच. मोजा हवं तर.” बाईंनी टेप लावली. साडेबारा फूट दोन इंच भरली. बाई लहान मुलीसारख्या हसल्या आणि वडील त्यांच्याहून जास्त. “खिडकीला दुपारपर्यंत ऊन असतं. उन्हाळ्यात मागचं दार उघडलं की वारा थेट आरपार,” ते सांगत होते. ऐसपैस दाराच्या कोपऱ्यात पाठ टेकवून उभा होता. आपला बाप आपलंच घर आपल्या हाताने विकतोय हे त्याला दिसत होतं.

“खरं सांगू आजोबा,” बाई म्हणाल्या, “अकरा घरं बघितली आम्ही. प्रत्येक घर फोटोपेक्षा लहान निघालं. फसवतात हो अगदी. फोटोपेक्षा मोठं निघालेलं हे पहिलंच घर. आम्ही हेच घेणार.”

“घर?” वडील म्हणाले. “घर घ्यायला आलात तुम्ही?”

बाईंनी चमकून मुलाकडे बघितलं. नवऱ्याने खिडकीबाहेर बघितलं. “तुम्ही ह्यांना सांगितलं नाहीत?” बाईंनी हळूच विचारलं. त्याने मान खाली घातली.

म्हाताऱ्याचा हात भिंतीवर होता तो तिथेच राहिला. मग गिऱ्हाइकाशी बोलायच्या त्यांच्या जुन्या आवाजात ते म्हणाले, “स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो. वॉशर बदलून घ्या. आणि त्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते, ते आधी सांगितलेलं बरं.” बाईंचा चेहरा उतरला. त्या काही वाईट नव्हत्या. त्यांचीही दोन मुलं एका खोलीत अभ्यास करत होती, त्यांनाही घर हवंच होतं. जाताना त्या वडिलांच्या पाया पडल्या आणि त्यांनीही ‘बरं’ म्हणून पडू दिलं.

दार लागल्यावर वडील पलंगावर बसले. मुलाला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर त्याला हवंच होतं.

“किती दिवस आहेत?” त्यांनी विचारलं.

“दोन महिने.”

“फोटोत मी आलोय म्हणतात.”

“आलाय.”

“डोळे उघडे आहेत ना? नाहीतर लोक म्हणायचे, म्हातारा कामावर झोपतो.”

“उघडे आहेत, बाबा,” तो म्हणाला आणि तोंड धुवायचं निमित्त करून आत गेला.

पुढचे दोन महिने तो घर शोधत राहिला. भाड्याला निघालेल्या घरांत एकतर तीन जिने असत, नाहीतर मालक ‘आंधळे आहेत का? गॅस वगैरे उघडा ठेवतील’ म्हणून कानावर हात ठेवत. शेवटचा आठवडा उरला तेव्हा मॅडमनी फोन केला. तळमजला, दोन खोल्या, मालकाची वडिलांबद्दल हरकत नाही. “पण संध्याकाळी अजून एक कुटुंब बघायला येतंय. तुम्ही त्याआधी जाऊन बघून येता का?”

“बघायचं काय त्यात, मॅडम? त्या जागेचे फोटो मीच काढलेत. तीन वर्षांपूर्वी.”

त्याला ती लख्ख आठवत होती. पिवळसर भिंती, खिडकीतून दारापर्यंत आलेलं ऊन, पलंगाच्या तिन्ही बाजूंना मोकळी जमीन. त्याने फोनवरच होकार दिला आणि कित्येक दिवसांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

अशी चूक फक्त तोच करू शकत होता. शेकडो घरांत तो गेला होता, पण त्याच्या लक्षात घरं राहिलीच नव्हती. राहिले होते ते फोटो. सामानाचा टेम्पो दाराशी लागला, त्याने कुलूप काढलं आणि दारातच थबकला. खोली तीच, खिडकी तीच. पलंग आत गेला. कपाट आत गेलं. मग दोघांच्या मधून जायचं तर माणसाला अंग तिरकं करावं लागू लागलं. शिवणयंत्र दाराआड उभं राहिलं. त्याच्यासमोर बसायला जागा नव्हती.

वडिलांनी आत आल्यावर सवयीने हात पुढे केला. कपाट लागलं. मग पलंगाचं टोक, मग खोक्यांची चळत, मग खिडकीचे गज.

“भिंत कुठेय?”

“सामानाच्या मागे आहे, बाबा.”

त्यांनी दोन्ही हात पसरले. ते पुरते पसरायच्या आधीच दोन्हीकडे टेकले. “ह्या घराचे फोटो कुणी काढले होते?” त्यांनी विचारलं.

“मी.”

म्हातारा नेहमी अशा वेळी काहीतरी टोमणा मारायचा आणि हसायचा. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मुलाला आजही वाटतं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. दोनदा कपाटावर कपाळ आपटलं. एकदा खोक्यांत पाय अडकून पडले, सुदैवाने पलंगावर. मुलाने सामान इकडचं तिकडे केलं, खोकी पलंगाखाली घातली, कपाट विकून टाकायचं ठरवलं. पण दहा फूट ते दहाच फूट. शिवाय त्याला घरी थांबता येईना, कारण काम दुप्पट झालं होतं. मॅडमनी गावभर सांगितलं होतं, ‘आमच्याकडे फोटो जसं आहे तसं.’ आता तो लोकांच्या घरी जाऊन बादल्या उचलत नव्हता. त्या जागच्या जागी राहू द्यायचा, आणि घरं पटापट विकली जात होती.

एका मंगळवारी दुपारी एक काम रद्द झालं म्हणून तो लवकर घरी आला. सकाळी जाताना त्याने वडिलांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. ते तिथेच होते. तसेच, दोन्ही हात गुडघ्यांवर. सदऱ्याची घडीसुद्धा हलली नव्हती.

“बाबा, जेवलात?”

“भूक नव्हती.”

“पाणी?”

“तहान नव्हती रे लागली.”

पाणी स्वयंपाकघरात होतं. मधे पलंग, पलंगानंतर कपाट, कपाटानंतर उंबरा. त्याने पेला भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात संपवला आणि रिकामा पेला पुढे धरला. दुसराही तसाच गेला. तिसऱ्या पेल्याला पाणी हनुवटीवरून ओघळलं, सदरा भिजला, पण त्यांनी पेला तोंडापासून काढला नाही.

मग त्यांनी हाताच्या पाठीने तोंड पुसलं. “उद्या जाताना एक बाटली जवळ ठेवून जाशील का?”

“ठेवतो ना, बाबा.” त्याने खुर्चीच्या आजूबाजूला बघितलं. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला खिडकीचे नुसते गज, मागे भिंत. स्टूल मावेना. पलंगावर ठेवावी तर गादीवर कलंडली असती, जमिनीवर ठेवावी तर पाय लागून. तो पुन्हा पुन्हा तीच जागा डोळ्यांनी मोजत राहिला.

“मांडीवर ठेव,” वडील म्हणाले. “मी धरून बसेन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाटली भरली, झाकण सैल करून त्यांच्या मांडीवर ठेवली, त्यांचे दोन्ही हात तिच्याभोवती नीट बसवले आणि कामावर गेला.